चिमणीला फुटलेला घाम

१

मंगळवारी दुपारी तीन वाजता नारपोलीतल्या एका सायझिंग कारखान्याच्या पोटमाळ्यावर लडकू मुकणे मेलेला सापडला आणि चार वाजेपर्यंत तो दारू पिऊन मेला हे अख्ख्या नारपोलीला ठाऊक झालं. गटार तुंबलं तर आमच्याकडे महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही, पण आदिवासी माणूस मेला की कारण तयारच असतं.

उशाशी मोहाच्या दारूची अर्धी बाटली होती. गोधडीला वास येत होता. बाटली शेलारच्या पलीकडच्या पाड्यावरून आणली होती त्याच्या मेहुण्याने, चिंतू वाघेने. हे चिंतूनेच पोलिसांना सांगितलं, कारण विचारलं तर खरं सांगायचं एवढंच त्याला येतं. झालं. विषारी दारू पाजून मेहुण्याला मारलं म्हणून कोर्टाने त्याला शनिवारपर्यंत कोठडी दिली.

मी धम्मदिना भालेराव. नारपोलीत मला बॉयलरवाली बाई म्हणतात. चार भिंतींच्या आत पाणी उकळवायचं आणि माणूस उकळू द्यायचा नाही, हे मी गेली अठ्ठावीस वर्षं शिकवते. फायरमनच्या सरकारी परीक्षेला बसणारी पोरं माझ्या ओसरीवर येतात. चिंतू त्यातलाच. त्याच्या पाड्यावरचा परीक्षा पास झालेला पहिला माणूस, आणि लडकू काम करायचा त्याच सायझिंगमध्ये बॉयलर सांभाळणारा.

बुधवारी सकाळी त्याची बहीण तुळजा माझ्या दारात आली. लडकूची बायको. रडून झालं होतं. आता ती भांडायला आली होती.

"बाई, माजा नवरा प्यालाच न्हाय," ती म्हणाली. "ती बाटली गावदेवाची व्हती. शनवारी पूजा. तोंडाला पळसाचं पान बांधून खुंटीला टांगलेली. देवाला धार पडल्याबिगर त्यातला थेंब कुनी घेत न्हाय. लडकू तर न्हायच न्हाय."

"मग सापडली ती उशाशी कशी?"

"त्येच तर सांगतंय. आन त्याचं तोंड बगितलं का कुनी? लाल व्हतं. जितं असल्यागत."

मी चहाचा कप खाली ठेवला. दारूने मेलेल्या माणसाचा चेहरा तसा होत नाही.

"आठ दिस डोकं दुकतं, डोकं दुकतं करत व्हता. मंगळवारी सकाळी रातपाळी करून वर झोपाय गेला. उजेड सोसना म्हनून मी भाकरी घेऊन आले तवा पयल्यांदाच खिडकीला गोणपाट टांगून दिलं." ती दारातून वळली, मग पुन्हा थांबली. "त्ये बी कुनी चोरलं. मेलेल्या मानसाचं गोणपाट."

२

पोटमाळ्यावर जायला मागच्या गल्लीतून लोखंडी जिना आहे. बॉयलरपाशी बसलेल्या माणसाला तो दिसत नाही. फौजदार भाग्यश्री माझ्याबरोबर वर आल्या. तरुण बाई, शांत डोक्याची. खोलीचं कुलूप काढताना एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मला भावना नको. हातात धरता येईल असं काहीतरी द्या. शनिवार लांब नाही."

खोली दहा बाय आठची. एक खाट, एक खिडकी, भिंतीत एक खुंटी. आणि खाटेला लागून असलेली चौथी भिंत म्हणजे चिमणीच. खालच्या बॉयलरचा धूर हिच्यातून वर जातो. विटांची, चुन्यात बांधलेली, पन्नास वर्षांची चिमणी.

ही भिंत मी ओळखते. हीच नव्हे, अशा सगळ्याच भिंती. माझे वडील लाकडावर चालणाऱ्या बॉयलरचे फायरमन होते. त्यांच्या खोलीतली अशीच भिंत इतकी तापायची की हात टेकवला तर चटका बसे. पावसाळ्यात माझा शाळेचा युनिफॉर्म त्या भिंतीवर तासात सुकायचा. अजूनही नारपोलीतले कामगार चिमणीच्या भिंतीला कपडे वाळत टाकतात, सुकट पसरतात. गरम भिंत हा आमचा फुकटचा हीटर.

या भिंतीवर मी तळवा ठेवला. ती गार होती, आणि माझा तळवा ओला झाला.

वरपासून खालपर्यंत पिवळट तपकिरी ओघळ होते. काही ठिकाणी पांढरा क्षार फुलला होता. विटांच्या सांध्यात नख घातलं तर चुना ओल्या पिठासारखा निघाला. खुंटीखाली जमिनीवर पळसाचं एक सुकलं पान पडलं होतं, दोऱ्यासकट. दोरा सोडलेला नव्हता, कापलेला होता.

"बाटली उघडणाऱ्याला गाठ सोडायला वेळ नव्हता," मी म्हणाले. "देवाची बाटली घरचा माणूस अशी कापत नाही."

भाग्यश्रींनी पान पिशवीत घातलं. "खिडकी उघडी होती पंचनाम्याच्या वेळी. गोणपाट नव्हतं."

खाली मॅनेजर विकी वाट पाहत उभा होता. तिशीतला, केसांना जेल, हातात दोन मोबाइल. प्रेत त्यानेच पाहिलं होतं.

"मॅडम, मी तीन वाजता हाक मारायला गेलो. दार लोटलेलं, खिडकी सताड उघडी. खिडकीला काही नव्हतं. हा पडलेला, बाजूला बाटली. सीधी बात आहे. रोज डोकं दुखतं म्हणायचा, अब पिएगा तो दुखेगाच ना."

"तुझं नाही दुखत?"

त्याने एक मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "इथं सगळ्यांचंच दुखतं, आठ-दहा दिवस झाले. मशिनचा आवाज."

"मशिनं चाळीस वर्षं वाजतायत. बॉयलरची लॉगबुक आण."

फायरमन दर तासाला त्या वहीत वाफेचा दाब आणि धुराचं तापमान लिहितो. वही आली. सोमवारपर्यंत चिंतूचं गोल अक्षर. धूर बासष्ट डिग्री, एकसष्ट, बासष्ट. मंगळवारचं पान नव्हतंच. शिलाईपाशी फक्त एक फाटकी कड राहिली होती.

"चिंतूनेच फाडलं असणार," विकी घाईने म्हणाला. "मेहुण्याला मारायचं होतं ना."

३

सायझिंगचे मालक कल्पेशशेठ ऑफिसात बसले होते. समोर देव, देवासमोर उदबत्ती, बाजूला नव्या बॉयलरचा फोटो फ्रेम करून. सुताला खळ लावून ते वाफेवर सुकवायचं हे सायझिंगचं काम; वाफ थांबली की सगळं थांबतं. फायरमन कोठडीत, म्हणून बॉयलर मंगळवारपासून बंद होता आणि शेठचा पारा चढलेला होता.

"सहा महिने झाले नवीन बॉयलर लावून. गॅसवर चालतो. पूर्वी अर्धी उष्णता चिमणीतून आभाळात जायची. आता? तुम्ही चिमणीला हात लावा, बर्फ."

"लावला. ओली आहे."

"जुनी इमारत, ओल येणारच."

"जानेवारीत, शेठ? छप्पर कोरडं आणि चिमणी ओली?"

त्यांनी उदबत्तीची राख झटकली. मी समजावून सांगितलं, कारण शिकवायची खोड जात नाही. गॅस जळला की त्यातून पाण्याची वाफ होते. धूर गरम असला तर ती वाफ धुराबरोबर बाहेर निघून जाते. धूर गार असला तर जुन्या मोठ्या चिमणीत ती अर्ध्या वाटेतच थंडावते आणि भिंतीवर पाणी धरतं. साधं पाणी नाही, आंबट पाणी. पन्नास वर्षांच्या काजळीत मिसळून ते चुना खातं. म्हणून असा बॉयलर लावताना जुन्या चिमणीच्या पोटात वरपासून खालपर्यंत स्टीलची नळी सोडावी लागते. तिला लायनिंग म्हणतात. धूर नळीतून जातो, विटांना पाणी दिसतच नाही.

"लायनिंग केलंय ना," शेठ म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. काम पूर्ण झाल्याचं पत्र, खाली त्यांची सही. सोबत फोटो: चिमणीच्या तोंडातून चकचकीत नळी वर आलेली. "सुमितने केलं. ठाण्याचा कॉन्ट्रॅक्टर. त्याला विचारा."

"नळी सोडायला बॉयलर चार दिवस बंद ठेवावा लागतो. कधी ठेवलात?"

शेठनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "बाई, तुमचे वडील फायरमन होते ना? मग त्यांना विचारायचं होतं. गार धुराने कुणाचं काय बिघडतं?"

वडील वारून वीस वर्षं झाली. मी कागद परत सरकवला. उत्तर दिलं असतं तर उदबत्ती विझली असती.

४

गुरुवारी सुमित मानकोली नाक्याजवळ एका नव्या गोदामाच्या साइटवर सापडला. गोरापान, गोड बोलणारा, पायात पांढरे बूट. मी काही विचारायच्या आधीच हळहळला.

"फार वाईट झालं, मॅडम. पण खरं सांगू? मी तर महिनाभर नारपोलीला फिरकलेलो नाही. मंगळवारी दिवसभर इथेच होतो. बॉयलरचा काही प्रश्न असता तर विकीने फोन केला असता."

"केला नाही?"

"नाही ना. लायनिंग एकदम फर्स्ट क्लास आहे. फोटो पाहिलात तुम्ही."

"पाहिला. नळीचं वरचं टोक छान आहे."

त्याचं हसू थोडं ढळलं. गोदामाच्या बाजूला कँटीनची शेड उभी राहत होती. तिच्या छपरातून चुलीचा धूर काढायला नळी बसवत होते. स्टीलची, जाड, चिमणीच्या पोटात सोडतात तशी खास जोडांची. पत्र्याच्या शेडवर पैठणी नेसवल्यासारखी ती दिसत होती. मी तिच्याकडे पाहिलं, त्याने मी पाहिलं हे पाहिलं.

"हे बघा मॅडम," तो घाईने म्हणाला, "या लोकांना कितीही सांगा. भर दुपारी खिडकीला गोणपाट मारायचं, अंधार करायचा आणि ढोसत पडायचं. यात बॉयलरचा काय दोष?"

मी त्याचे आभार मानले. मनापासून मानले. रिक्षात बसल्यावर भाग्यश्रींना फोन लावला.

"उद्या सकाळी अकराला सगळ्यांना बॉयलरपाशी बोलवा. तुळजालाही. आणि डॉक्टरांना सांगा, लडकूच्या रक्तात दारू शोधतायत ते ठीक, कार्बन मोनॉक्साइडही शोधा."

"मॅडम, पण लॉगबुकचं पान?"

"पान फाडणाऱ्याला माझे वडील माहीत नाहीत."

५

शुक्रवारी अकरा वाजता बॉयलरपाशी आम्ही सहाजण होतो. शेठ, विकी, सुमित एका बाजूला. तुळजा, भाग्यश्री आणि मी दुसऱ्या. शेठनी तुळजापुढे एक कागद धरला होता. त्यावर लिहिलं होतं की लडकूला दारूचं व्यसन होतं आणि कुणाविरुद्ध तक्रार नाही.

"अंगठा दे, म्हणजे तुझ्या भावावरचं पण सौम्य होईल," शेठ म्हणाले.

"मना सही येते," तुळजा म्हणाली, "आन मी करनार न्हाय."

मला तिचा अभिमान वाटला. 

"विकी, पाना आण. चिमणीच्या तळाचं साफसफाईचं दार उघड."

"त्याची काय गरज?" सुमित पुढे झाला.

"लायनिंग असेल तर आत चकचकीत नळी दिसेल आणि मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन."

विकीने बोल्ट सोडले. शेवटचा बोल्ट सुटताच दार आतून ढकलल्यासारखं उघडलं आणि ओल्या विटा, चुन्याचा चिखल आणि काळं पाणी त्याच्या बुटांवर आलं. गुडघाभर ढीग. नळीचा पत्ता नाही.

"ही तुमची गार चिमणी," मी शेठना म्हणाले. "सहा महिने घाम गाळून गाळून आतून कोसळली. धुराची वाट बंद झाली. जुना बॉयलर असता तर धूर दारातून मागे आला असता, सगळे खोकत बाहेर पळाले असते. नव्याला ब्लोअर आहे, तो धूर ढकलत राहतो. वर वाट नाही, मग धूर भिजलेल्या सांध्यांतून शिरला पोटमाळ्यावर. आणि हवा कोंडली की गॅस नीट जळत नाही, त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी आठ दिवस डोकं दुखतं. मग झोप लागते. चेहरा मात्र लाल राहतो."

तुळजाने पदर तोंडाला लावला.

"हे सगळं अंदाज," सुमित म्हणाला. "विटा कालही पडल्या असतील."

"बॉयलर तीन दिवस बंद आहे. पण ठीक, तारीख बघू."

मी बॉयलरच्या कंट्रोल पॅनलपाशी गेले. माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हतं. बॉयलरमध्ये काही बिघडलं की ते लोखंडी दाराच्या पाठीवर खडूने खूण करत. वही मालकाची, दाराची पाठ आपली, असं ते म्हणायचे. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मी खडू देते आणि हेच सांगते. मी पॅनलचं दार उघडून उलटं केलं. आत चिंतूचं गोल अक्षर होतं.

*मंगळवार. सकाळी ७. चिमणीत धप्प आवाज. ज्योत पिवळी. डोकं गरगरतं. विकीसाहेबांना सांगितलं बंद करू का. म्हणाले शेठ रागावतील, चालव.*

विकीने भिंतीला पाठ टेकली. "पान मी फाडलं," तो म्हणाला. कुणी विचारलंच नव्हतं. "मी फोन केला होता याला. सात वाजून दहाला. हा म्हणाला येऊन बघतो, तोवर कुणाला बोलू नको. मग बॉडी मिळाल्यावर म्हणाला पान काढून टाक, वरना तू पण फसशील."

"खोटं," सुमित म्हणाला. "मी आलोच नाही त्या दिवशी."

"मग काल मला सांगितलंस ते खिडकीचं गोणपाट कुठे पाहिलंस?"

त्याने विकीकडे पाहिलं. 

"तुळजाने ते त्याच मंगळवारी सकाळी पहिल्यांदा टांगलं," मी म्हणाले. "पंचनाम्यात ते नाही."

"विकीने सांगितलं मला," तो म्हणाला.

"मला काय माहीत गोणपाटाचं?" विकी ओरडला. "मी गेलो तेव्हा खिडकी खुली होती."

"बरोबर. कारण विकीच्या आधी कुणीतरी मागच्या जिन्याने वर गेलं. ओली भिंत, पडलेला माणूस पाहिला आणि पहिलं काम काय केलं? गोणपाट ओढून खिडकी उघडली. दारूने मेलेल्या माणसासाठी कुणी खिडकी उघडत नाही. तिथे गॅस आहे हे ज्याला ठाऊक होतं त्यानेच उघडली. आणि चिमणीत नळी नाही, ती मानकोलीच्या कँटीनवर आहे, हे ठाऊक होतं ती न बसवणाऱ्याला. मग त्याने खुंटीवरची बाटली पाहिली. दोरा कापला, अर्धी गोधडीवर ओतली. आदिवासी म्हटल्यावर पुढचं लोक आपणच रचतील, हे त्याला माहीत होतं. तुम्ही सगळ्यांनी रचलंतही."

"मी गेलो तेव्हा तो मेलेलाच होता," सुमित म्हणाला.

भाग्यश्रींनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

"नाडी बघितलीस?" मी विचारलं.

तो आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहू लागला.

"दादा, नाडी बगितली का?" या वेळी तुळजाने विचारलं, अगदी हळू. मी तिच्या जागी असते तर पाना उचलला असता. तिने फक्त उत्तराची वाट पाहिली. 

शेठ भाग्यश्रींकडे वळले. "साहेब, माझी फसवणूक झालीय. मला तर काम झालं असंच सांगितलं."

"शेठ, चार दिवस बॉयलर बंद ठेवल्याची एक नोंद दाखवा," मी म्हणाले. "नळी सोडलीच नाही हे तुम्हाला माहीत होतं. दिवाळीच्या ऑर्डरी थांबायला नकोत, म्हणून काम झालं अशी सही केलीत. गार धुराने काय होतं, असं वाटलं तुम्हाला. माझ्या वडिलांना विचारा म्हणालात ना? ते सांगायचे, गरम धूर निघून जातो, गार धूर बसून राहतो."

भाग्यश्रींचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. "रक्तात दारू नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं जे सांगितलं होतं ते आहे. भरपूर." मग त्या सुमितकडे गेल्या.

६

शनिवारी चिंतू सुटला. त्याच दिवशी पाड्यावर गावदेवाची पूजा झाली. तुळजाने नवी बाटली आणली, पळसाचं पान हाताने सोडलं आणि धार देवाला घातली. दुसरी धार लडकूच्या नावाने घातली. मलाही बोलावलं होतं. मी आमच्या बौद्ध रिवाजाने नुसते हात जोडले.

सुमित आत आहे. विकी साक्षीदार झाला. शेठनी जामीन आधीच करून ठेवला होता, शेठ लोक असतातच तयारीचे. सोमवारी ते गाडीतून उतरले तेव्हा चिंतू बॉयलरपाशी उभा होता. फाटकाबाहेर आजूबाजूच्या सायझिंगचे सात-आठ फायरमन जमले होते. बहुतेक माझेच विद्यार्थी. येताना प्रत्येकाने आपापल्या चिमणीला तळवा लावून पाहिला होता. तिघांचे तळवे ओले झाले होते.

"झालं गेलं विसर," शेठ चिंतूला म्हणाले. "ढीग काढलाय, वाट मोकळी आहे. ऑर्डर अडकलीय. पेटव."

चिंतूने खिशातून खडू काढला. मी त्याला दाराच्या पाठीवर लिहायला शिकवलं होतं, मालकाला दिसू नये म्हणून. त्याने पॅनलचं दार बंद केलं आणि पुढच्या बाजूला, सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं.

*चिमणीत नळी नाही. पेटवणार नाही. चिंतू वाघे, फायरमन.*

शेठनी फाटकाकडे पाहिलं. "तुमच्यापैकी कोण येतं?"

एकजण आत आला. त्याने चिंतूच्या हातातला खडू घेतला आणि खाली आपलं नाव लिहिलं.